आठ वितींचे टेबल

श्रोते हो, नमस्कार.

प्राथमिक शाळेत जाणारे मूल घरी परतले की त्याला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "आज शाळेत काय शिकवलं?" आणि त्यावर मिळणारे तितकेच हमखास उत्तर म्हणजे "काही नाही." या उत्तराने पालक खट्टू होतात, काही जण दप्तर उघडून वह्या तपासू लागतात, तर काहींना शाळेविषयीच शंका येऊ लागते. वास्तविक मूल काही लपवत नसते. एका दिवसात त्याच्या हाती जे लागते ते इतके अर्धेमुर्धे असते की त्याला नाव देऊन सांगणे मोठ्या माणसालाही जमणार नाही. आजच्या भाषणात मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे: लहान मुलाचे शिकणे दिवसात दिसत नाही, ते सत्रात दिसते.

सत्र म्हणजे काही महिन्यांचा सलग काळ. त्यात एखादी गोष्ट मुलाला प्रथम भेटते, मग ती मागे पडते, बरीचशी विसरली जाते आणि काही आठवड्यांनी पुन्हा समोर येते. या विसरण्याची पालकांना फार धास्ती वाटते. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून, ते किती वेगाने विसरले जातात याची मोजणी केली आणि ती 1885 मध्ये प्रसिद्ध केली. विसरण्याचा वेग आरंभी फार मोठा असतो आणि पुढे तो मंदावत जातो, हे त्यातून दिसले. पण त्याहून मोलाची गोष्ट अशी की विसरलेले पुन्हा पाठ करताना पहिल्यापेक्षा कमी वेळ लागला. याचा अर्थ, विसरले म्हणून पहिले श्रम वाया गेले असे होत नाही. सत्रात तोच धडा, तोच पाढा, तीच कृती पुन्हा येते ती याच कारणासाठी, आणि "हे तर मागच्या महिन्यात झालं होतं, पुन्हा कशाला?" ही तक्रार म्हणूनच मला पटत नाही.

वाचनाचे उदाहरण पाहा. सत्राच्या आरंभी मूल एकेका अक्षरावर बोट ठेवते, काना, मात्रा, वेलांटी यांची जुळणी करते, आणि वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत वाक्याचा आरंभ त्याच्या मनातून निसटलेला असतो. काही महिन्यांनी तेच मूल ओळखीचे शब्द एका नजरेत उचलते, आणि अक्षरे जुळवण्यात खर्च होणारे लक्ष अर्थाकडे वळते. हा बदल कोणत्या दिवशी झाला, असे विचारले तर ते कोणीही सांगू शकणार नाही. संख्यांचेही तसेच आहे. "सत्तावीस" ऐकून मूल 72 लिहिते, कारण त्याच्या कानावर सात आधी पडतात आणि वीस नंतर. जर्मन भाषेतही एकक आधी आणि दशक नंतर बोलले जातात, त्यामुळे तिथल्या मुलांपुढेही हीच अडचण उभी राहते. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधणे आणि सोडणे हा खेळ पुष्कळ दिवस चालला की 72 लिहिणारे मूल स्वतःच थबकते. ते थबकणे हेच शिकणे आहे. आणि तेवढ्यासाठी माझी पालकांना विनंती आहे की खोडरबर थोडे दूर ठेवावे. चुकलेला आकडा खोडून टाकण्यापेक्षा त्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी नवा लिहिला, तर मुलाचा विचार कुठून कुठे गेला हे वहीत टिकून राहते.

आता मी तुम्हाला एका सत्राची गोष्ट सांगते. मी तिसरीच्या वर्गाला शिकवत असताना घडलेली ही गोष्ट आहे, आणि ती सांगण्याची एकही संधी मी सहसा सोडत नाही.

लांबीच्या मापनाचा आरंभ होता. पट्ट्या मुद्दाम कपाटात ठेवून मी मुलांना सांगितले की माझे टेबल किती लांब आहे ते आपापल्या वितीने मोजा आणि वहीत लिहा. उत्तरे आली ती सात, साडेसात, आठ, नऊ आणि एका मुलाचे अकरा. लगेच भांडण जुंपले. ज्याचे उत्तर अकरा आले होते तो विती भराभर टाकत गेला होता आणि प्रत्येक वीत आधीच्या वितीवर थोडी चढत होती, हे त्याच्या शेजाऱ्याने दाखवून दिले. मग वीत जिथे संपते तिथे खडूची खूण करायची असा नियम मुलांनी स्वतःच केला. फेरमोजणी झाली; अकराचे साडेआठ झाले, पण सर्वांचे उत्तर काही एक येईना. तेव्हा कुणीतरी दोन हात एकमेकांना लावून पाहिले आणि साऱ्या वर्गाला उलगडा झाला, की हातच लहानमोठे आहेत.

मग कोणाची वीत खरी मानायची? माझी अपेक्षा होती की मुले माझा हात मागतील. त्यांनी तो मागितला नाही. ज्या मुलीचे उत्तर बरोबर आठ आले होते, तिची वीत त्यांनी निवडली, आणि कारण असे दिले की तिच्या वितीने मोजले की काही उरत नाही, हिशेब सोपा जातो. त्या दिवसापासून त्या मुलीला फार मागणी आली. दार मोजायचे आहे, तिला बोलवा; खिडकी मोजायची आहे, तिला बोलवा; दोन गटांना एकाच वेळी ती हवी असे आणि एक गट खोळंबून बसे. मापे मात्र आता जुळू लागली होती आणि मुले ती वहीत तारीख घालून लिहीत होती.

पुढच्या आठवड्यात ती मुलगी तापाने आजारी पडली आणि शाळेत आली नाही. वर्गाचे मोजमाप ठप्प झाले. फळा मोजायचा राहिला होता आणि मोजण्याचे मापच घरी निजून होते. मुले थोडा वेळ गोंधळली. तेवढ्यात एका मुलाला आठवले की चित्रकलेच्या तासाला सर्वांनी कागदावर हात ठेवून त्याची बाह्यरेषा काढली होती, आणि बोटे ताणून काढलेला तिचा हात भिंतीवर लावलेला होता. मुलांनी तो कागद उतरवला, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंतची लांबी पुठ्ठ्यावर उतरवून घेतली आणि तेवढी पट्टी कापली. पट्टीने टेबल मोजून पाहिले. आठ. मग फळा मोजला. मुलगी बरी होऊन आली तेव्हा पट्टी तिच्यापुढे ठेवण्यात आली; तिने आपली वीत त्यावर टेकवली, नीट निरखले आणि मान डोलावली. आता प्रत्येक गटाने तशी एकेक पट्टी करून घेतली आणि कोणाला खोळंबून राहावे लागेना. काही आठवड्यांनी, माप पूर्ण पट्टीत बसत नाही म्हणून मुलांनी पट्टीची घडी घातली, मग घडीची घडी घातली, आणि पाव, अर्धा, पाऊण हे अपूर्णांक मी फळ्यावर लिहिण्याच्या आधीच त्यांच्या हाती आले.

आता सत्राचा शेवट ऐका, कारण माझा खरा जीव त्यातच आहे. उजळणीच्या दिवसांत त्या पट्ट्या पुन्हा बाहेर निघाल्या. त्या मुलीने सहज आपली वीत पट्टीवर ठेवली, तर करंगळीचे टोक पट्टीच्या बाहेर गेले. फार नाही, अगदी थोडे, पण गेले. वर्गाचे दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की पुठ्ठा दमटला असेल, त्याच्या कडा झिजल्या असतील, म्हणून पट्टी लहान झाली. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की पट्टी तेवढीच आहे, हिचा हात मोठा झाला. दोन्ही बाजूंनी आवाज चढले. मी गप्प बसले होते. तेव्हा जो मुलगा सहसा बोलत नसे, तो म्हणाला, "टेबल मोजून बघू." टेबल मोजले. बरोबर आठ पट्ट्या. हात मोठा झाला म्हणणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण विरुद्ध बाजूची एक मुलगी हार मानणारी नव्हती. ती म्हणाली, "टेबलपण लहान झालं असेल तर?"

श्रोते हो, तिसरीच्या मुलीचा हा प्रश्न आहे. तिला बरोबर कळले होते की मापही बदलू शकते आणि मोजली जाणारी वस्तूही बदलू शकते, आणि दोन्ही सारखीच बदलली तर आकडा तोच राहील. मग मुलांनी जुन्या वह्या उघडल्या. दार, खिडकी, फळा, कपाट, यांची तारखेसह लिहिलेली मापे त्यांत होती. सगळे पुन्हा मोजले आणि सगळे जुन्या मापाशी जुळले. लाकूड, लोखंड आणि भिंत, सर्वच्या सर्व पट्टीबरोबर सारख्या प्रमाणात आकसतील हे शंका काढणाऱ्या मुलीलाही पटेना, आणि हात वाढला असा निर्णय झाला. जिचा हात वाढला होता तिने पट्टी उचलून विचारले, "मग आता ही वीत कोणाची?" आणि मघाचा तो अबोल मुलगा म्हणाला, "टेबलाची."

मुलांनी जे केले त्याला मोठ्या माणसांना किती काळ लागला ते थोडक्यात सांगते. अनेक देशांत लांबीची मापे शरीराच्या अवयवांवरून घेतलेली होती आणि ती गावोगावी वेगळी पडत. फ्रान्समध्ये 1791 मध्ये असे ठरले की उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर मानावा, जेणेकरून माप कोणा एका माणसाचे राहणार नाही. त्यासाठी देलांब्र आणि मेशँ या दोन खगोलशास्त्रज्ञांनी 1792 पासून काही वर्षे खपून डंकर्क ते बार्सिलोना या पट्ट्याची मोजणी केली आणि 1799 मध्ये प्लॅटिनमची मीटरपट्टी तयार झाली. ती म्हणजे त्यांची पुठ्ठ्याची पट्टी. पुढे धातूच्या पट्टीवरही विसंबून राहणे अपुरे वाटू लागले, आणि 1983 पासून प्रकाश निर्वात पोकळीत एका सेकंदाच्या 29,97,92,458 व्या भागात जेवढे अंतर कापतो ते अंतर म्हणजे मीटर, अशी व्याख्या आहे. टेबलही लहान झाले असेल तर, या शंकेचाच तो पाठपुरावा आहे.

आता कल्पना करा की पट्टी कापली त्या दिवशी त्या मुलांना घरी कोणी विचारले असते, "आज काय शिकवलं?" "पुठ्ठा कापला," एवढेच उत्तर आले असते आणि ते खरेच होते. पुन्हा सांगते, शिकणे दिवसात दिसत नाही, ते सत्रात दिसते. पहिल्या महिन्यात लिहिलेली मापे शेवटच्या महिन्यात पुरावा म्हणून उपयोगी पडली. मधला काळ गेला नसता तर हात वाढला नसता आणि तो प्रश्नही उभा राहिला नसता.

परिसर अभ्यासातल्या पुष्कळ कृतींना असाच काळ लागतो. मैदानात एक काठी रोवून ठरावीक वारी, भर दुपारी तिची सावली मोजली आणि मापे क्रमाने लिहून ठेवली, तर सत्राच्या ओघात सूर्याचा मार्ग सरकताना दिसतो. एका दिवसाच्या मोजणीने मात्र काहीच कळत नाही. ओल्या कापसावर ठेवलेल्या बीचे आधी मूळ बाहेर येते आणि मग कोंब, हे रोजच्या रोज चित्र काढणाऱ्या मुलालाच सांगता येते. इथे माझे एक ठाम मत सांगितल्यावाचून राहवत नाही. प्रकल्पाच्या नावाखाली पालकांनी रात्री जागून केलेल्या देखण्या प्रतिकृती वर्गात मांडल्या जातात, तेव्हा मला वाईट वाटते. त्या प्रतिकृतीत मुलाच्या हाताने केलेले काही नसते आणि सत्रही नसते. ती एका रात्रीत होते. वाकडा कापलेला पुठ्ठा तिच्यापेक्षा कितीतरी मोलाचा आहे. तसेच वर्गातल्या आवाजाविषयी. हात वाढला की पट्टी आटली यावर वाद घालणारा वर्ग शांत राहूच शकत नाही, आणि तो शांत नाही म्हणून शिक्षकाला बोल लावू नये.

तेव्हा सत्राअखेरीस शाळेत पालकसभेला जाल तेव्हा गुणपत्रक जरूर पाहा. पण त्याच्या बरोबरीने मुलाची भरलेली वही मागून घ्या. तिचे पहिले पान आणि शेवटचे पान शेजारी शेजारी धरा. अक्षरांचा आकार, वाक्याची लांबी, मुलाने स्वतः मारलेल्या आडव्या रेघा, यांतले फरक शोधा. शिक्षकांना विचारा की या सत्रात मूल कोणत्या गोष्टीकडे आपणहून परत गेले, कोणता प्रश्न त्याने दुसऱ्यांदा विचारला, कोणाशी कशावरून वाद घातला. रोज मुलांबरोबर असणाऱ्या शिक्षकाला याची उत्तरे ठाऊक असतात. पण सभेत ती विचारणारे फार थोडे असतात. आणि जुनी वही रद्दीत घालण्याची घाई करू नका. पुढच्या सत्रात तिच्यातले एखादे माप मुलाला लागेल.

नमस्कार.