लोहकिसापासून अलिबागपर्यंत : क्षेत्र म्हणजे काय?

(दृश्य : पांढरा कागद, खाली पट्टीचुंबक, वरून भुरभुरणारा लोहकीस)

कागदाला टिचकी मारली की कीस सरकतो. बघा, कण कसेही पडत नाहीत. एका टोकातून कमानी निघतात आणि दुसऱ्या टोकाकडे वळतात. टोकांपाशी दाटी, लांब गेलं की विरळ. प्रत्येक कण तेवढ्यापुरता छोटा चुंबक होतो, शेजारच्याला चिकटतो आणि आपल्या जागेवरची दिशा दाखवतो. कीस झटकून टाकला तरी ती दिशा तिथं असतेच. रेषांच्या मधल्या कोऱ्या जागेतही असते. चुंबकाभोवतीच्या जागेची ही अवस्था म्हणजे चुंबकीय क्षेत्र.

(दृश्य : रॉयल इन्स्टिट्यूशन, लंडन, जुने मेणकागद)

मायकेल फॅरडेनं 1851 मध्ये मेणकागदावर पक्के करून ठेवलेले हे नमुने. फॅरडे पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला माणूस. शाळा जेमतेम, उच्च गणित नाहीच. न्यूटनच्या सिद्धांतात सूर्य पृथ्वीला ओढतो, मधे मात्र काहीच नाही. हे खुद्द न्यूटनलाही पटत नव्हतं. 1693 मध्ये रिचर्ड बेंटली या विद्वान धर्मगुरूला लिहिलेल्या पत्रात त्यानं ते स्पष्ट सांगितलं. तरी उत्तरं बरोबर येतात म्हणून बहुतेकांनी तो प्रश्न बाजूला ठेवला. फॅरडेनं ठेवला नाही. चुंबक आधी आपल्या भोवतीची जागा बदलतो, दुसऱ्या चुंबकाला ती बदललेली जागा भेटते, हे तो आयुष्यभर धरून राहिला. आणि हा कीस बघितला की त्याचा आग्रह पटतो.

(दृश्य : हवामानाचा नकाशा)

नकाशावर कुठंही बोट ठेवा, तिथलं तापमान सांगता येतं : एक आकडा. वाऱ्याला आकड्यासोबत दिशाही लागते. दोन्ही क्षेत्रंच. पण तापमान आणि वारा हवेचे असतात. चुंबकीय क्षेत्राला हवा लागत नाही, ते निर्वातातही असतं.

भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलनं 1865 मध्ये फॅरडेची ही क्षेत्राची कल्पना समीकरणांत मांडली. क्षेत्रातल्या लाटेचा वेग काढला, तर तो प्रकाशाच्या वेगाशी जुळला. पुढं जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हर्ट्झनं अशा लाटा प्रयोगशाळेत निर्माण केल्या. रेडिओ, रडार, मोबाइल त्यातूनच आले.

(दृश्य : अलिबाग चुंबकीय वेधशाळा, दगडी इमारत, उपकरणं)

आणि ही अलिबागची वेधशाळा. इथं पृथ्वीचं क्षेत्र मोजतात. त्याचा आडवा घटक, म्हणजे जमिनीला समांतर असलेला भाग, इथं सुमारे 38 हजार नॅनोटेस्ला (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं छोटं एकक). शाळेतल्या चुंबकापुढं ते अगदीच क्षीण, म्हणून बांधकामाला पोरबंदरचा अचुंबकीय दगड वापरला. आधी हे काम मुंबईत, कुलाब्याला चालायचं. पण शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर, तारांतल्या प्रवाहाचं क्षेत्र नोंदी बिघडवणार हे ओळखून संचालक नानाभाई मूस यांनी खाडीपलीकडची ही जागा निवडली. 1904 मध्ये इथं काम सुरू झालं. दोन्हीकडच्या नोंदी जुळवता याव्यात म्हणून काही काळ दोन्ही वेधशाळा सोबत चालवल्या. मोजमापाची ही निष्ठा बघण्यासारखी आहे.

(दृश्य : कुलाब्याच्या नोंदींचा आलेख)

1 सप्टेंबर 1859 रोजी इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ कॅरिंग्टननं सूर्यावर लख्ख उजेड पाहिला. तिथून सुटलेला तप्त वायूचा लोट स्वतःचं चुंबकीय क्षेत्र घेऊन सुमारे साडेसतरा तासांत पृथ्वीवर आदळला. दुसऱ्या दिवशी कुलाब्यात आडवा घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी कोसळला. ही ती घसरण. त्या चुंबकीय वादळाची, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्रातल्या या उलथापालथीची, ताकद ठरवताना 2003 मध्ये संशोधकांनी याच नोंदीचा आधार घेतला.