तुलांबेनची लिबर्टी

बालीचा ईशान्य किनारा, तुलांबेन. इथे पाण्याखाली लिबर्टी हे बुडालेलं जहाज आहे, ते बघायला डायव्हर येतात. वाळू नाही, नुसते काळे गोटे. मागे अगुंग ज्वालामुखी. डोक्यावर डायव्हरांचे हवेचे सिलिंडर घेऊन झपाझप निघालेल्या या बायका गावातल्याच. हवा भरलेला ॲल्युमिनियमचा सिलिंडर 16-17 किलोंचा असतो.

बोट लागत नाही, जहाज किनाऱ्याला खेटूनच आहे. कसरत आहे ती गोट्यांवर. मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा देणारं यंत्र) तोंडात, फिन्स (पायात घालायचे पोहण्याचे पंखे) हातात. मोठ्या लाटा ओसरल्या की चालत सुटायचं आणि छातीभर पाण्यात फिन्स चढवायच्या. किनाऱ्यावरच घातल्या तर पाय अडकतो, लाट आडवं करते, गुडघे फुटतात. पडलातच तर उठायची धडपड नको. हवा तोंडात आहे. पालथं होऊन पोहत सुटायचं.

पाचेक मीटरवर पहिलं लोखंड दिसतं. लिबर्टी, 1918 साली अमेरिकेत बांधलेलं मालवाहू जहाज, लांबी सुमारे 125 मीटर. जानेवारी 1942 मध्ये लोंबोकच्या सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. दोन युद्धनौकांनी ते उत्तर बालीतल्या सिंगाराजा बंदराकडे ओढत आणलं, पण पाणी भरतच गेलं. शेवटी इथे किनाऱ्यावर चढवलं. माल काढून घेतला, सांगाडा 21 वर्षं तसाच पडून राहिला. 1963 मध्ये अगुंगचा उद्रेक झाला, हजारावर माणसं गेली आणि हादऱ्यांनी जहाज पाण्यात सरकलं.

आज ते उजव्या कुशीवर पडलंय, म्हणून डेक भिंतीसारखा उभा दिसतो. तळ 30 मीटरच्या आसपास. तिथे दाब पृष्ठभागाच्या चौपट, हवाही चौपट वेगाने संपते. म्हणून खोल भाग आधी. सिलिंडरमधल्या हवेचा दाब बारमध्ये मोजतात: 100 बारला वळायचं, 50 बार राखून बाहेर यायचं. वर येण्याआधीचा 5 मीटरवरचा 3 मिनिटांचा सुरक्षेचा थांबा परतीच्या उतारावरच होऊन जातो.

घोटाळा होतो तो इथेच. हवा संपत आली की सिलिंडर दोनेक किलोंनी हलका होतो. डायव्हर वर उचलला जातो आणि हात आधाराला पत्रा शोधतो. पत्र्यावर काय आहे ते बघा: मऊ प्रवाळ, स्पंज, समुद्रपंखे. एका पकडीत मोडतात.

म्हणून बुडण्यासाठी अंगावर बांधलेलं शिशाचं वजन 50 बारला तपासायचं. बीसीडी (हवा भरून तरंगायचं जॅकेट) रिकामं, श्वास नेहमीचा, तरी 5 मीटरवर स्थिर राहता आलं पाहिजे. हातमोजे तर नकोतच. मोजे असले की हात धीट होतो. पाय बेडकासारखे मारायचे, म्हणजे गाळ उठत नाही.

हे मीटरभर लांबीचे बंपहेड पॅरटफिश, कपाळावर उंचवटा असलेले मासे. रात्री जहाजात झोपतात, उजाडलं की निघून जातात. त्यांच्यासाठी सूर्योदयालाच पाण्यात असावं लागतं. उशिरा दक्षिण बालीतून गाड्या येतात आणि मग माशांपेक्षा फिन्स जास्त दिसतात.