चार स्क्रूंवर उभी असलेली गिटार

टेबलावर पालथी ठेवलेली ही इलेक्ट्रिक गिटार म्हणजे फेंडर कंपनीच्या मेक्सिकोतील एन्सेनाडा येथील कारखान्यात तयार झालेली स्ट्रॅटोकास्टर आहे. मालकाला ती विकायची आहे. जुनी गिटार विकायला काढणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला पडणारा प्रश्न त्यालाही पडला आहे : ती अख्खी विकावी, की सुटी करून तिचा एकेक भाग विकावा?

हा प्रश्न पडू शकतो, याचे मूळ गिटारच्या पाठीवरच्या या पोलादी पट्टीत आणि तिच्या चार स्क्रूंत आहे. कंपनीचे संस्थापक लिओ फेंडर कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवत असत. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण बिघडलेली वस्तू लवकर दुरुस्त होऊन गिऱ्हाइकाच्या हाती परत गेली पाहिजे, हे त्यांना दुकानाने पक्के शिकवले होते. म्हणून १९५० साली बाजारात आलेल्या त्यांच्या गिटारीत आणि पुढे १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये नेक, म्हणजे गिटारची लांब मान, बॉडीला सरसाने चिकटवलेली नव्हती, तर स्क्रूंनी आवळलेली होती. नेक वाकली किंवा तिच्यावरच्या धातूच्या आडव्या काड्या, म्हणजे फ्रेट, झिजले, तर दुसरी नेक बसवावी आणि वादकाने त्याच संध्याकाळी कार्यक्रमाला जावे, इतका साधा आणि माझ्या मते फार मोठा विचार त्यामागे होता.

या रचनेतून काय साधते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इंग्लिश गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांच्या काळ्या गिटारीचे आहे. १९७० साली नॅशव्हिलच्या एका दुकानातून त्यांनी जुन्या स्ट्रॅटोकास्टर स्वस्तात घेतल्या, त्यांतली एकेक जॉर्ज हॅरिसन, पीट टाउनशेंड आणि स्टीव्ह विनवुड या वादकांना भेट दिली आणि उरलेल्या तिघींचे उत्तम भाग निवडून एक गिटार जुळवली. तीच ‘ब्लॅकी’. २००४ साली न्यूयॉर्कमध्ये ख्रिस्टीजच्या लिलावात तिला ९,५९,५०० डॉलर मिळाले. ही किंमत वादकाच्या हातांची होती, हे विसरता येत नाही. तेच भाग एखाद्या अनोळखी माणसाने जुळवले असते, तर व्यापाऱ्यांनी त्या गिटारीला ‘पार्ट्सची गिटार’ म्हणून खालचा भाव लावला असता.

गिब्सन या दुसऱ्या कंपनीच्या लेस पॉल गिटारीची गोष्ट वेगळी आहे. तिची नेक बॉडीत सरसाने बसवलेली असते, त्यामुळे ती सहजी सुटत नाही. सुटतात ते तारांचे कंपन विजेत बदलणारे पिकअप, तारा टेकतात तो ब्रिज आणि खुंट्या. १९५७ पासून या गिटारींवर सेथ लव्हर यांनी बनवलेले हंबकर, म्हणजे विजेची घरघर दाबणारे पिकअप येऊ लागले आणि त्यांच्या तळाशी, पेटंटसाठी अर्ज केल्याचे सांगणारी एक छोटी काळी चिठ्ठी असे. आज त्या चिठ्ठीच्या पिकअपच्या जोडीला हजारो डॉलर मोजले जातात, आणि म्हणून त्याच काळातल्या, पण तुलनेने कमी भावाच्या ईएस-१७५ सारख्या पोकळ गिटारींतून ते काढून घेतले गेले. पिकअप दुसऱ्या गिटारीत गेले, तिचे मोल वाढले, आणि मागे राहिलेली गिटार मात्र कायमची अपुरी झाली. वाजवण्याजोगी धडधाकट गिटार अशी रिकामी करणे मला चूक वाटते. मानेजवळ दुभंगलेल्या किंवा पाण्यात भिजून सुटलेल्या गिटारीचे भाग काढून दुसऱ्या चार गिटारी बोलत्या करणे, हे मात्र चांगले काम आहे.

जुन्या गिटारीच्या बाबतीत अख्खेपणाला एवढे मोल का, हे आत डोकावले की कळते. पूर्वीच्या फेंडरचा अनुक्रमांक याच पाठीवरच्या पट्टीवर कोरलेला असे, आणि पट्टी चार स्क्रू काढले की हातात येते. म्हणजे नुसती पट्टी विकत घेऊन कोणीही कुठल्याही बॉडीला लावू शकतो. म्हणून जाणकार पट्टीवर विसंबत नाहीत. ते नेक काढून तिच्या टाचेवरची, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकावरची, तारीख पाहतात, आणि मग आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागाच्या, म्हणजे पॉटच्या, पाठीवरचे आकडे वाचतात. तिथे १३७ ने सुरू होणारा आकडा असेल, तर तो पॉट सीटीएस कंपनीचा. पुढचे ६६१२ म्हणजे १९६६ सालचा बारावा आठवडा. फेंडरने १९६६ साली पॉटचा मोठा साठा घेतला होता आणि तो पुढची काही वर्षे वापरला गेला, त्यामुळे पॉटवरच्या तारखेच्या आधी गिटार बनलेली नाही, एवढेच त्यावरून ठामपणे म्हणता येते. या साऱ्यांहून मोठी साक्ष सोल्डरची, म्हणजे आतल्या वायरी जोडणाऱ्या वितळवलेल्या धातूची असते. कारखान्यातल्या सोल्डरचा थेंब तेव्हापासून कोणी वितळवलेला नसेल, तर ती गिटार आहे तशीच ठेवावी. एकदा तो थेंब वितळला, की गेलेला पुरावा परत आणता येत नाही.

टेबलावरची गिटार एवढी जुनी नाही, तरी ती उघडून पाहू. बॉडीच्या दर्शनी बाजूवरच्या पिकगार्ड नावाच्या पत्र्याचे अकरा स्क्रू काढले, की तिन्ही पिकअप, पॉट आणि स्विच त्याच्यासोबतच वर येतात. बॉडीशी त्यांना जोडून ठेवतात त्या फक्त तीन वायरी, दोन केबल लावायच्या जॅककडे जाणाऱ्या आणि एक मागच्या स्प्रिंगांच्या पट्टीला. त्या तीन वायरी तोडल्या, की भरलेला पिकगार्ड विकायला तयार. त्याला गिऱ्हाईक लवकर मिळते. नेकलाही मिळते, पण घेणाऱ्याने आपल्या बॉडीतली खाच आधी मोजावी. फेंडरची खाच सुमारे ५६ मिलिमीटर रुंद असते आणि स्वस्त नकलांची तशी असेलच असे नाही. या नेकवरची फ्रेटची पट्टी शिसवीची आहे, आपल्या सह्याद्रीतही वाढणाऱ्या शिसवीची. २०१७ च्या जानेवारीपासून २०१९ च्या नोव्हेंबरपर्यंत अशा लाकडाची गिटार विक्रीसाठी देशाबाहेर पाठवायला वन्यजीव-व्यापार कराराखालचे कागद लागत. आता तयार वाद्यांना आणि त्यांच्या तयार भागांना सूट आहे. ब्राझिलच्या शिसवीला ती सूट नाही, आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या कित्येक फेंडरवर तीच आहे, हे परदेशी गिऱ्हाइकाला होकार देण्याआधी लक्षात ठेवावे.

मालकाने कागदावर बेरीज केली. सुट्या भागांचे मिळून अख्ख्या गिटारीपेक्षा जास्त येतात. पण त्या बेरजेत पाच पार्सले आहेत, पाच जणांशी घासाघीस आहे, आणि शेवटी घरात उरणारी बॉडी आहे, जी सर्वांत जड आणि सर्वांत उशिरा जाणारी असते. या गिटारीत बदललेले काहीच नाही. पहिल्या तीन फ्रेटवर तारांचे खळगे पडले आहेत, तेवढेच. त्याने ती अख्खी विकायचे ठरवले आहे, खळग्यांचे जवळून काढलेले फोटो आणि नेकच्या टाचेचा फोटो गिऱ्हाइकाला आधीच पाठवून.

तो पिकगार्ड परत बसवतो आहे. प्रत्येक स्क्रू आधी उलटा फिरवतो, लाकडातल्या जुन्या आट्यात तो टक् करून बसला की मगच सुलटा आवळतो, म्हणजे भोक मोठे होत नाही. अकरावा स्क्रू बसला. आता तारा सुरात लावून तो स्विच एकेक घर सरकवतो, आणि तिन्ही पिकअप बोलतात.