घरी म्हणजे कुठल्या घरी?

मला पाऊण तास मिळाला आहे आणि फळ्यावर विषय लिहिलाय, ‘एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स असताना डॉकरच्या अडचणी कशा शोधाव्यात’. पाच तपासण्या कागदावर लिहून आणल्या आहेत, त्या सांगणारच आहे. पण आधी एका संध्याकाळबद्दल बोलते. ती संध्याकाळ मला विसरता येत नाही.

तुमच्यातल्या किती जणांच्या लॅपटॉपवर विंडोज, त्यात डब्ल्यूएसएल-टू म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय, त्यात उबुंटू नावाचं लिनक्स आणि डॉकर असा संसार आहे? हात वर करा. हां, जवळजवळ सगळेच. मग डॉकर म्हणजे काय इथपासून सुरुवात करत नाही. प्रोग्रॅमला त्याच्या सामानासकट वेगळ्या खोलीत, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन, एवढं पुरे.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा सांभाळते. तीन वर्षांपूर्वी शेवटच्या वर्षाच्या चौघांनी विहिरींच्या पाणीपातळीवर प्रकल्प घेतला होता. कवठेमहांकाळकडचा भाग तुम्हाला माहीत आहे. पाऊस कमी, द्राक्षबागा भरपूर, आणि एप्रिलमध्ये प्रत्येकाचं लक्ष विहिरीच्या तळाकडे. ही मुलं दर रविवारी मोटारसायकलवर जायची, दोरीला टेप बांधून विहिरीत सोडायची, आकडा वहीत लिहायची आणि रात्री तो पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये भरायची. ते पोस्टग्रेस डॉकरच्या कंटेनरमध्ये होतं. डॉकर होतं उबुंटूत, थेट बसवलेलं, डॉकर डेस्कटॉप हे विंडोजवरचं अ‍ॅप नव्हे, कारण त्यांच्या लॅपटॉपला आठ जीबीच मेमरी होती. प्रोग्रॅम गिटवर चढवलेला होता, म्हणजे त्याची प्रत बाहेर सुरक्षित होती. आकडे मात्र डॉकरच्या एका व्हॉल्यूममध्येच, म्हणजे कंटेनरची माहिती साठवायच्या जागेत.

तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी ठरवलं की उद्या बाहेरचे परीक्षक येणार, तर प्रोग्रॅम विंडोजवरून चालवून दाखवू, आलेख मोठ्या पडद्यावर नीट दिसतील. तोपर्यंत तो उबुंटूतूनच चालायचा. विंडोजवर चालवला आणि उत्तर आलं, पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड. पासवर्ड बरोबर होता. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये तोच पासवर्ड, तोच लोकलहोस्ट हा पत्ता, तोच पोर्ट, म्हणजे दाराचा क्रमांक, ५४३२, आणि तिथे दार लगेच उघडत होतं. त्यांनी पासवर्ड बदलून पाहिला. कंटेनर बंद करून चालू केला. मग वसतिगृहातल्या कुणीतरी आपल्याकडचा तो सार्वत्रिक सल्ला दिला, ‘सगळं उडव आणि नव्यानं टाक.’

डब्ल्यूएसएलमध्ये उबुंटू उडवायची आज्ञा आहे, अनरजिस्टर. ती ‘नक्की ना?’ असंही विचारत नाही. उबुंटूची अख्खी डिस्क ही विंडोजच्या दृष्टीनं एकच फाइल असते, आणि ती आज्ञा ती फाइल पुसून टाकते. त्या फाइलमध्ये डॉकर होतं, डॉकरमध्ये व्हॉल्यूम होतं, आणि व्हॉल्यूममध्ये सात महिन्यांचे रविवार होते.

मुलांनी दीड तास खपून नवं उबुंटू, नवं डॉकर, नवा कंटेनर असं सगळं बसवलं. विंडोजवरून प्रोग्रॅम चालवला. पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड. तीच ओळ, शब्दही न बदलता.

मुलं माझ्याकडे आली तेव्हा सात वाजले होते. मी त्यांना एकच प्रश्न विचारला. हा लोकलहोस्ट कोणाचा?

इथे थोडं घरातलं बोलते. माझं माहेर मिरजेचं, सासर विट्याचं. लग्नानंतर बरेच दिवस मी ‘शनिवारी घरी जाते’ म्हटलं की सासूबाई शांतपणे विचारायच्या, ‘कुठल्या?’ शब्द एकच. पण बोलणारी कुठे उभी आहे ते कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. लोकलहोस्ट हा अगदी तसाच शब्द आहे. त्याचा अर्थ ‘घरी’. विंडोजवरचा प्रोग्रॅम तो म्हणतो तेव्हा ते विंडोजचं घर. उबुंटूतला म्हणतो तेव्हा उबुंटूचं. आणि कंटेनरच्या आतला प्रोग्रॅम म्हणतो तेव्हा तो कंटेनर स्वतःच. एका लॅपटॉपवर तीन घरं, आणि तिघांच्याही दारावर एकच पाटी. विंडोजकडून हाक आली आणि त्या पोर्टवर विंडोजमध्ये कुणी नसलं, तर डब्ल्यूएसएल ती हाक पुढे उबुंटूकडे पोचवतं. म्हणून एरवी सगळं सुरळीत चालतं आणि ही घरं वेगळी आहेत हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

मी विंडोजच्या खिडकीत नेटस्टॅट चालवायला सांगितलं, ५४३२ वर कोण बसलंय ते बघायला. तिथे चालू असलेल्या प्रोग्रॅमचा, म्हणजे प्रोसेसचा, क्रमांक मिळाला, टास्क मॅनेजरमध्ये नाव मिळालं. पोस्टग्रेस. विंडोजचं स्वतःचं पोस्टग्रेस! दुसऱ्या वर्षी डेटाबेसच्या प्रात्यक्षिकांसाठी बसवलेलं, तेव्हापासून लॅपटॉप सुरू झाला की मुकाट्यानं तेही सुरू व्हायचं. मुलं त्याच्या दारावर उभी राहून दुसऱ्या घराची किल्ली फिरवत होती, आणि ते बिचारं खरं तेच सांगत होतं, की ही किल्ली माझी नाही. कंटेनरचा पोर्ट बाहेरून ५४३३ केला आणि प्रोग्रॅम चालला. चार मिनिटं लागली.

आकड्यांच्या वह्या मात्र होत्या, हे नशीब. दोन शंभर पानी वह्या, काही पानांवर विहिरीचं पाणी उडालेलं. एक जण वाचायचा, दुसरा टाइप करायचा, दमले की जोडी बदलायची. मी आणि माझा मुलगा घरून पिठलं-भाकरी घेऊन गेलो. पहाटे साडेचारला शेवटची विहीर भरून झाली. परीक्षा झाली, चांगली झाली. पण दुपारी चारलाच कुणी ‘कोणाचा?’ विचारलं असतं, तर ती रात्र त्यांना झोपेत काढता आली असती.

‘उडव आणि नव्यानं टाक’ या सल्ल्यावर माझा खरा राग आहे, आणि तो मी या सभेत मांडणार. आपल्या प्रयोगशाळांमधून, वसतिगृहांतून, दुरुस्तीच्या दुकानांतून हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. मशीन अडलं? फॉरमॅट मार. त्यानं कधीकधी काम होतं, म्हणून त्याला पत मिळते. पण बिघाड हा पुरावा असतो. काय अडलं, कुठे अडलं, कोणत्या शब्दांत अडलं, हे सगळं त्या पडद्यावर लिहिलेलं असतं, आणि आपण तपासाआधी घटनास्थळ धुऊन टाकतो. आणि बिघाड त्या जागी नसेलच, या मुलांसारखा शेजारच्या घरात असेल, तर धुतलेलं घर फुकट जातं.

आता हे तीन-तीन घरांचं प्रकरण मुळात आलं कुठून, ते सांगायचा मोह आवरत नाही. १९७९ च्या युनिक्स सातव्या आवृत्तीत क्रूट होतं. एखाद्या प्रोग्रॅमला सांगायचं की हीच तुझी पृथ्वी, याच्या वर काही नाही. २००० साली फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या सिस्टिमनं त्याला जेल केलं, म्हणजे नावासकट तुरुंग. २००६ पासून गूगलमधल्या अभियंत्यांनी लिनक्सच्या गाभ्यासाठी, म्हणजे प्रोग्रॅमना यंत्राशी जोडणाऱ्या कर्नलसाठी, प्रोसेसना मेमरी आणि सीपीयू मोजून द्यायची सोय लिहिली. तिचं पहिलं नाव ‘प्रोसेस कंटेनर्स’. पण गाभ्यात कंटेनर या शब्दाला आधीच इतके अर्थ होते की गोंधळ नको म्हणून ते नाव बदलून ‘कंट्रोल ग्रुप्स’ केलं, आणि जानेवारी २००८ मध्ये ते २.६.२४ या आवृत्तीत आलं. बघा, तिथेही प्रश्न तोच, कंटेनर म्हणजे कुठला कंटेनर? मग मार्च २०१३ मध्ये अमेरिकेतल्या सांता क्लाराच्या पायकॉन परिषदेत डॉकरचे निर्माते सॉलोमन हाइक्स यांनी पाच मिनिटांच्या छोट्या भाषणात डॉकर दाखवलं.

हे सांगितलं कारण यातून एक गोष्ट निघते, जी या सभागृहातल्या अर्ध्या अडचणींच्या मुळाशी आहे. कंटेनर म्हणजे छोटा संगणक नव्हे. ती लिनक्सची साधी प्रोसेस आहे, फक्त तिला आजूबाजूचं दिसत नाही आणि तिचं रेशन ठरलेलं आहे. तिला स्वतःचा गाभा नसतो. म्हणून विंडोजवर लिनक्सचा कंटेनर चालवायचा तर लिनक्सचा खरा गाभा कुठेतरी चालू असावाच लागतो. २०१६ च्या पहिल्या डब्ल्यूएसएलमध्ये तो नव्हता. ते लिनक्सच्या हाका विंडोजच्या भाषेत भाषांतरित करायचं, आणि डॉकरचं इंजिन त्यावर चालायचं नाही. दुसऱ्या डब्ल्यूएसएलची घोषणा २०१९ ची. मे २०२० च्या विंडोज १० च्या अपडेटमधून ते सगळ्यांना मिळालं, आणि त्यात हलक्या आभासी यंत्रात खरा गाभा चालतो. घरी गेल्यावर हे करा: अल्पाइन या छोट्या लिनक्सचा कंटेनर उघडा आणि गाभ्याची आवृत्ती सांगणारी युनेम आर ही आज्ञा द्या. कंटेनर अल्पाइनचा, पण उत्तरात मायक्रोसॉफ्ट स्टँडर्ड डब्ल्यूएसएल-टू येईल. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा प्रयोगशाळेत एकटीच होते आणि मोठ्यानं ‘अरे वा’ म्हणाले. ज्यानं हे उत्तर एकदा डोळ्यांनी पाहिलं, त्याला रचना पुन्हा समजावावी लागत नाही.

संयोजक दहा बोटं दाखवताहेत. दहा मिनिटं. मग तपासण्या भराभर सांगते, लिहून घ्या.

पहिली, संदेश पूर्ण वाचा. तुम्ही कुठल्या घरात उभे आहात ते तोच सांगतो. त्यात पाइप आणि डॉकर इंजिन हे शब्द असतील, तर तुम्ही विंडोजकडून बोलताय आणि इंजिन सुरू नाही. डॉकर डॉट सॉक असेल आणि ‘इज द डॉकर डेमन रनिंग’ असं विचारत असेल, तर तुम्ही लिनक्सकडून बोलताय आणि इंजिन सापडत नाहीये. त्याच सॉकबरोबर परमिशन डिनाइड असेल, तर इंजिन ठणठणीत आहे, तुम्ही डॉकर नावाच्या गटात नाही एवढंच. आणि ‘या डिस्ट्रोमध्ये डॉकर ही आज्ञा सापडली नाही’ असं असेल, तर डॉकर डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये त्या उबुंटूपुढची खूण लावायची राहिली आहे. चार संदेश, चार वेगळी दुखणी, आणि चौघांनाही आपण ‘डॉकर चालत नाही’ म्हणतो.

दुसरी, इंजिन किती आहेत ते मोजा. डॉकर ही आज्ञा नुसता निरोप्या आहे, काम इंजिन करतं. डॉकर डेस्कटॉपही बसवलंय आणि उबुंटूत वेगळं डॉकरही बसवलंय, असं फार जणांचं असतं. मग एकीकडे उतरवलेली इमेज, म्हणजे कंटेनरचा साचा, दुसरीकडे दिसत नाही आणि माणूस ती पुन्हा उतरवत बसतो. डॉकर कॉन्टेक्स्ट एलएस चालवा, आणि डॉकर इन्फोमध्ये ऑपरेटिंग सिस्टिमची ओळ बघा. तिथे ‘डॉकर डेस्कटॉप’ आहे की ‘उबुंटू’, त्यावरून निरोप कुणाकडे जातोय ते कळतं. दोन्ही ठेवू नका, एकच ठेवा.

तिसरी पोर्टची, ती गोष्टीत आली. विंडोजमध्ये नेटस्टॅट, उबुंटूत त्याच कामाची एसएस ही आज्ञा. दोन्हीकडे बघायचं, एकीकडे नव्हे. आणि डॉकर डेस्कटॉप असेल तर कंटेनरच्या आतून विंडोजला हाक मारायला लोकलहोस्ट चालत नाही, होस्ट डॉट डॉकर डॉट इंटर्नल लिहायचं.

चौथी, फाइल कुणाच्या घरात आहे? प्रकल्प सी ड्राइव्हवर ठेवून उबुंटूतून चालवलात तर प्रत्येक वाचन दोन घरांमधल्या खिडकीतून होतं. नोड मॉड्यूल्ससारख्या हजारो बारक्या फाइली असल्या की ते असह्य संथ होतं, आणि फाइल बदलल्याची खबरही पलीकडे जात नाही, म्हणून पान आपोआप ताजं होत नाही. प्रकल्प उबुंटूच्या होममध्ये हलवा. याच चौथीत ओळीच्या शेवटाचा प्रश्न येतो. विंडोज ओळ संपवताना एक जादा अदृश्य चिन्ह टाकतं. सुरुवातीची स्क्रिप्ट तशी जतन झाली की कंटेनर म्हणतो, ‘नो सच फाइल’. फाइल तर डोळ्यांसमोर आहे! ती आहेच. पण तिच्या पहिल्या ओळीत लिहिलेल्या शेलच्या, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, नावाला ते चिन्ह चिकटलंय आणि तशा नावाचा शेल कुठेच नाही. गिट अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये एसएच फाइलींसाठी एलएफ, म्हणजे लिनक्सच्या पद्धतीचा ओळीचा शेवट, सक्तीचा करा.

पाचवी घड्याळाची. लॅपटॉप झाकून ठेवला आणि उघडला की डब्ल्यूएसएलचं घड्याळ कधीकधी मागे राहतं. मग एपीटी, म्हणजे उबुंटूत प्रोग्रॅम बसवणारं साधन, म्हणतं, ही यादी अजून लागूच झालेली नाही, किंवा प्रमाणपत्रं नाकारली जातात. डब्ल्यूएसएल शटडाउन करून पुन्हा सुरू करा. ज्यांनी दोन सिस्टिम डिस्कच्या वेगळ्या विभागांत टाकल्या आहेत, एका वेळी एकच चालते, त्यांचं घड्याळ नेमकं साडेपाच तास चुकतं. विंडोज मदरबोर्डवरचं घड्याळ भारतीय वेळेचं समजतं आणि लिनक्स ते जागतिक वेळेचं. साडेपाच तासांचा फरक दिसला की दुसरीकडे शोधू नका.

झालं, एकच राहिलं. कधी उडवावंच लागलं, तर आधी डब्ल्यूएसएल एक्स्पोर्ट करा, अख्ख्या उबुंटूची एक फाइल होऊन बाहेर येते. कंटेनर बंद करून काढून टाकणाऱ्या डॉकर कंपोज डाउन या आज्ञेला व्ही जोडताना हात थांबवा, तो व्हॉल्यूम पुसतो. डॉकर डेस्कटॉपचं फॅक्टरी रिसेटही पुसतं.

हॉल आता सोडायचा आहे. ज्यांनी अडलेले लॅपटॉप आणलेत त्यांनी बाहेर व्हरांड्यात या, मी शेवटची एसटी पकडेपर्यंत आहे. येताना काही पुसू नका, पुन्हा काही बसवू नका. संदेश पडद्यावर जसा आहे तसाच घेऊन या.