पैसे पोचले का?

[दृश्य : लोअर परळ, भर दुपार. मॉलच्या फाटकाबाहेर दुचाकींची रांग. प्रत्येक हँडलला अडकवलेला फोन.]

हे फिनिक्स. आजच्या मुंबईसाठी मॉल. लालबाग-परळची जुनी माणसं अजूनही फिनिक्स मिलच म्हणतात. फाटकाबाहेरची ही पोरं ऑर्डरची वाट बघतायत. कुणी जालन्याचा, कुणी चिपळूणचा, कुणी पार उत्तर प्रदेशातला. कमाई फोनवर, आणि घरी पैसे पाठवायचे तेही फोनवरूनच. सिग्नलला गाडी उभी असताना दोन हजार गावच्या खात्यात पडतात. मागचा हॉर्न वाजवतो तोवर ‘पैसे पोचले’ म्हणून उलट मेसेजही येतो.

[दृश्य : चाळीची जुनी छायाचित्रं. मनिऑर्डरचा फॉर्म.]

याच जमिनीवर राबणाऱ्या माणसाचे पैसे पूर्वी पोस्टानं जायचे. गिरणगावातला पुष्कळसा कामगार एकटा राहायचा. बायको-मुलं रत्नागिरीला, साताऱ्याला, कोल्हापूरकडे. गावकीच्या खोलीत एक वळकटी, खानावळीत जेवण, आणि पगार झाला की पोस्टात रांग. पुढे पुढे मनिऑर्डरला शंभरामागे पाच रुपये कटायचे. फॉर्मला खाली कुपन असायचं. त्यात दोन ओळी मावायच्या: ‘कौलं फिरवून घ्या. मी गणपतीला येतो.’

कोकण मनिऑर्डरवर जगतं, असं म्हणत. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, आणि त्याची झळ तळकोकणातल्या वाडीवाडीत जाऊन पोचली.

मनिऑर्डर महाग होती, हळू होती. पण तिच्यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. फॉर्मवर नाव बहुधा आईचं किंवा बायकोचं असायचं. पोस्टमन दारात यायचा, कुपन वाचून दाखवायचा, नोटा तिच्या हातावर मोजायचा आणि सही नाहीतर अंगठा तिचाच घ्यायचा. नंतर घरात ते पैसे कुणाच्या हाती जायचे ते सोडा. निदान कागदावर तरी मालकी तिची होती.

[दृश्य : एसटीडी-पीसीओची पिवळी पाटी, रंग उडालेली.]

मग फोन आले. आधी गावातल्या दुकानात. मुंबईहून फोन लागला की पलीकडच्या दुकानदाराला सांगायचं, ‘आवशीक बोलवा, धा मिन्टांनी परत करतंय.’ दहा मिनिटांनी आई धापा टाकत हजर. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर बोलायचं, त्यामुळे महत्त्वाचं कुणीच काही बोलत नसे.

भारतातला पहिला मोबाइल कॉल झाला 31 जुलै 1995 ला. कलकत्त्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू आणि दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम. तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे पडत. चाळीत ते कुणाला परवडणार? चित्र पालटलं 2003 मध्ये. इनकमिंग फुकट झालं, आणि त्याच पावसाळ्यात रिलायन्सनं 501 रुपयांत हातात फोन द्यायला सुरुवात केली. मग निघाली मिस्ड कॉलची भाषा: एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे तू कर. कंपनीला एक पैसा न देता निरोप जायचा. गरिबानं काढलेली ही युक्ती कुठल्याच कंपनीच्या डोक्यातून आलेली नव्हती.

बोलणं असं स्वस्त झालं. पैसा मात्र अजून पोस्टानं, नाहीतर रातराणीनं गावी निघालेल्या कुणा शेजाऱ्याच्या खिशातून जात होता.

[दृश्य : आफ्रिकेतल्या शहराचं साठवणीतलं चित्रीकरण. हिरवी पाटी लावलेलं छोटं दुकान.]

पैसा फोनमधून आधी गेला केनियात. तिथेही हीच गोष्ट: नवरा नैरोबीत कामाला, घर दूर खेड्यात. मार्च 2007 मध्ये सफारीकॉम कंपनीनं एम-पेसा सुरू केलं. बँक नको, इंटरनेट नको, साधा बटणांचा फोन पुरे. कोपऱ्यावरच्या दुकानात रोख द्यायची, एक मेसेज जायचा, आणि गावच्या तशाच दुकानातून घरच्यांनी रोख घ्यायची. जाहिरातीत एकच सांगणं होतं: घरी पैसे पाठवा.

तवनीत सूरी आणि विल्यम जॅक या दोन अर्थतज्ज्ञांनी अनेक वर्षं तिथली तीच घरं पुन्हा पुन्हा जाऊन पाहिली. त्यांचा निष्कर्ष 2016 मध्ये आला. एम-पेसामुळे केनियातली सुमारे 1 लाख 94 हजार कुटुंबं, म्हणजे जवळपास 2 टक्के, अतिगरिबीतून वर आली. सर्वांत जास्त फरक पडला बायका चालवत असलेल्या घरांत. सुमारे 1 लाख 85 हजार बायका पोटापुरत्या शेतीतून निघून लहानमोठ्या धंद्यात आल्या. पैसे बाईच्या स्वतःच्या फोनमध्ये येत होते. कुणाला न विचारता साठवता येत होते.

[दृश्य : वांद्रे-कुर्ला संकुल. मग दादरचा फुलबाजार, प्रत्येक टोपलीला टेकवलेला क्यूआर कोड.]

आपल्याकडे वाट वेगळी निघाली. वोडाफोननं 2013 मध्ये एम-पेसा इथेही आणलं आणि 2019 मध्ये गुंडाळलं. इथे फोनला बँक खात्याची जोड लागली. 2014 मध्ये जनधन खाती उघडली, एप्रिल 2016 मध्ये यूपीआय आलं (ते चालवणाऱ्या महामंडळाचं मुख्यालय इथेच, मुंबईत), सप्टेंबरात जिओचं स्वस्त इंटरनेट, आणि 8 नोव्हेंबरला नोटबंदी. ज्याला शिकायचं नव्हतं त्यालाही शिकावं लागलं. शंभरामागचे पाच रुपये शून्यावर आले. हा फायदा छोटा समजू नका: महिन्याला दोन हजार पाठवणाऱ्याचे वर्षाला बाराशे वाचतात.

[दृश्य : परळमधला एक हॉल. वाडीच्या ग्रामस्थ मंडळाची बैठक.]

पण पैसे पटकन जातात, तसं मागणंही पटकन येतं. पगाराच्या दिवशी सकाळी व्हिडिओ कॉल: ‘झाला ना रे?’ देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी आता ग्रुपवर मागतात. खाली क्यूआर कोड, आणि संध्याकाळपर्यंत कुणी किती दिले त्याची यादी. पूर्वी वर्गणीवाले यायच्या दिवशी खोलीला कुलूप लावून चौपाटीवर जाता यायचं. आता ती सोय गेली.

पैसे कमी पडले की कर्जही फोनवरच मिळतं. कर्ज देणारी काही ॲप फोनमधले सगळे नंबर उचलत आणि हप्ता चुकला की गावातल्या मेहुण्याला फोन करत. सप्टेंबर 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेनं यावर नियम घातले. तरी ज्याची अब्रू एकदा वाडीत गेली, त्याला त्या नियमाचा काय उपयोग? फसवणूक झालीच तर 1930 या क्रमांकावर फोन करायचा, आणि लगेच करायचा. पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता आलं तरच काही हाती लागतं.

[दृश्य : गावातलं घर. ओटीवर चार्जिंगला लावलेला फोन. स्वयंपाकघरातून येणारा आवाज.]

आता पोस्टमनकडे परत या. मुंबईतून पाठवलेले दोन हजार पोचतात कुणाच्या फोनवर? 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 54 टक्के बायकांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता. म्हणजे जवळजवळ निम्म्या जणींकडे नव्हताच. अशा घरात पैसे येतात दिराच्या, नाहीतर थोरल्या मुलाच्या नंबरवर. पाठवणाऱ्याला ते सोपं पडतं. मनिऑर्डरवर जिचं नाव होतं, ती ॲपमध्ये कुठेच दिसत नाही. पैसा कितीतरी पट वेगानं आला आणि वाटेत त्याचा धनी बदलला. या गोष्टीबद्दल यूपीआयचं कौतुक करणारे फारसं बोलत नाहीत.

2024 च्या जुलैत लाडकी बहीण योजना आली आणि हा प्रश्न एकदम चव्हाट्यावर आला. महिन्याचे दीड हजार बाईच्याच आधार जोडलेल्या खात्यात जाणार होते. बँकांबाहेर रांगा लागल्या: कुणाचं खातं बंद, कुणाचं आधार जोडलेलं नाही, कुणाच्या खात्याला नवऱ्याचा नंबर. फॉर्म फोनवर, ओटीपी फोनवर. ज्यांच्या खात्याला दुसऱ्याचा नंबर होता, त्यांच्या पैशाचा मेसेज दुसऱ्याच्याच खिशात वाजला.

नंबर बदलायला बँकेत जाऊन एक अर्ज भरावा लागतो. स्मार्टफोनची गरज नाही. जमा झालेल्या पैशाचा मेसेज बटणांच्या फोनवरही येतो, आणि ओटीपीसुद्धा.