कॅप्टनची खुर्ची नेमकी कुणीकडे वळली आहे?

नमस्कार श्रोतेहो.

आज मी तुमच्याशी एका लिफ्टच्या दाराबद्दल बोलणार आहे. दार साधंच आहे, लाल रंगाचं, जवळ गेलं की आपोआप सरकणारं. ते आहे 'स्टार ट्रेक' या मालिकेतल्या एंटरप्राइझ नावाच्या अंतराळयानात, ब्रिजवर. ब्रिज म्हणजे जिथून यान चालवतात ती गोल खोली. मालिका अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली, तिचे ७९ भाग झाले आणि १९६९ साली ती बंद पडली. दाराचा वाद मात्र अजून बंद पडलेला नाही.

तर वाद असा. खोलीच्या मधोमध कॅप्टन कर्कची खुर्ची. तिच्यासमोर भला मोठा पडदा. लिफ्टचं दार खुर्चीच्या बरोबर पाठीमागे नाही, मागे पण डाव्या हाताला आहे. आता तेच यान बाहेरून डोळ्यांपुढे आणा. पुढे एक मोठी थोरली बशी. बशीच्या माथ्यावर छोटासा घुमट, तो ब्रिज. आणि घुमटाच्या मागे, अगदी मधल्या रेषेवर, एक आखूड नळकांडं चिकटलेलं. ते लिफ्टचंच असणार, दुसरं कशाचं असेल? मग बाहेरून लिफ्ट मधोमध आणि आतून डावीकडे, हे जमायचं कसं?

एकच मार्ग उरतो. अख्खी खोली सुमारे ३६ अंशांनी फिरवायची. दार नळकांड्यासमोर येतं, पण त्याबरोबर कॅप्टनची खुर्चीही फिरते. म्हणजे ताऱ्यांकडे झेपावणारा आपला शूर कॅप्टन प्रत्यक्षात यानाच्या नाकाकडे पाहतच नसतो. तो डावीकडे तोंड करून बसलेला असतो! १९७५ साली फ्रान्झ जोसेफ यांनी काढलेले यानाचे नकाशे छापून आले, त्यांत ब्रिज असाच तिरका होता. चाहत्यांमध्ये उभे दोन तट पडले, सरळवाले आणि तिरकेवाले. सरळवाले म्हणतात, पडद्यावर तारे समोरून येताना दिसतात, तेव्हा खोली सरळच हवी, आणि नळकांडं लिफ्टचं नाहीच. तिरकेवाले म्हणतात, समोर आहे तो पडदा आहे, खिडकी नव्हे. पडद्यावर पुढचं दृश्य दाखवा, मागचं दाखवा, खुर्ची कुठेही वळलेली असली तरी काय बिघडतं?

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे आपण परत येणार आहोत.

तुम्ही म्हणाल, अहो, हा लाकडाचा सेट! दार डावीकडे असण्याचं कारण माझ्या अंदाजाने अगदी साधं असावं. बरोबर पाठीमागे असतं तर आत येणारा प्रत्येक नट कॅप्टनच्या डोक्याआड झाकला गेला असता. मान्य. पण हे यान ज्यांनी काढलं त्या मॅट जेफ्रीज यांनी ते नुसतं शोभेसाठी काढलं नव्हतं, म्हणून तर लोक इतक्या गंभीरपणे मोजमाप करतात. जेफ्रीज स्वतः वैमानिक, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांवर काम केलेले. मालिकेचे निर्माते जीन रॉडनबेरी यांनी त्यांना सांगितलं होतं की पंख नकोत, अग्निबाण नकोत, मागे ज्वाळा नकोत. नकोत त्याची यादी हातात, आणि हवं काय ते कुणालाच ठाऊक नाही! जेफ्रीजनी मग यंत्रं हाताळणाऱ्या माणसासारखा विचार केला. इतकी जबरदस्त इंजिनं माणसांच्या वस्तीला खेटून ठेवणं धोक्याचं, म्हणून ती लांब दांड्यांवर बाहेर काढली. बाहेरच्या अंगाला यंत्रं नकोत, कारण जे बाहेर असतं ते बिघडलं की दुरुस्तीला कुणाला तरी बाहेर जावं लागतं, म्हणून यान गुळगुळीत. यानाचा क्रमांकही असाच ठरला, एनसीसी-१७०१. अमेरिकी विमानांच्या जुन्या नोंदणीत सुरुवातीला 'एनसी' असे, त्यावरून अक्षरं सुचली. आकडे निवडताना ३, ६, ८ आणि ९ टाळले, कारण लांबून ते एकमेकांसारखे दिसतात.

असा माणूस कारणाशिवाय रेघ ओढत नाही, हे चाहत्यांना कळलं. आणि मग जिथे कारण सापडेना तिथे ते अस्वस्थ झाले.

अस्वस्थ व्हायला जागा तरी किती! चित्रीकरणासाठी यानाचं ११ फुटांचं मॉडेल केलं होतं. त्यात दिवे बसवल्यावर तारा डाव्या बाजूने बाहेर काढल्या आणि ती बाजू बिनसजावटीची राहिली. म्हणून यान सहसा उजव्या अंगाने दिसतं. डावी बाजू हवी असली की आकडे आणि अक्षरं उलटी चिकटवून उजवीकडूनच चित्रण करायचं आणि फिल्म फिरवून दाखवायची. शिवाय १९६४ मधल्या पहिल्या चाचणी भागापासून मॉडेलमध्ये बदल होत गेले. इंजिनांची टोकं बदलली, घुमट बुटका झाला. पण पैसे वाचवायला जुनी चित्रणं पुढच्या भागांत सर्रास वापरली. परिणाम असा की एकाच भागात, दोन दृश्यांच्या अंतराने, इंजिनांची टोकं कधी एक तर कधी दुसरी. 'मूळ यान जसं होतं तसंच ठेवा' असा आग्रह धरणाऱ्याला मी म्हणूनच विचारतो, कोणतं मूळ? कितव्या मिनिटाचं?

आता गॅलिलिओची गंमत. एंटरप्राइझच्या पोटात लहान याने असतात, त्यातलं हे एक. त्याची लांबी २४ फूट, हे खुद्द कर्कच्या संवादात आहे. आत मात्र सात माणसं ऐसपैस बसतात, उठून ताठ उभी राहतात, मागे आणखी एक खोलीही आहे. बाहेरून उभं केलेलं गॅलिलिओ बघा, आतला सेट त्यात काही केल्या मावत नाही. इथे साक्षीदार तीन आहेत आणि तिघांच्या जबान्या वेगळ्या. बाहेरचा सांगाडा एक सांगतो, आतला सेट दुसरं, संवाद तिसरं. जुन्या चाहत्यांची भांडणं निम्मीअधिक यावरच असतात, की खरं कुणाचं धरायचं? माझं म्हणाल तर मी सेटचं धरतो. माणसं उभी राहिलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. फूट-इंच हे तोंडचं बोलणं, कॅप्टनचीही जीभ घसरू शकते.

काही चुका मात्र निव्वळ चुका, त्यांची वकिली करू नये. मालिकेवरून पुढे चित्रपटही निघाले. १९८९ च्या पाचव्या चित्रपटात नायक लिफ्टच्या बोगद्यातून वर उडत जातात आणि भिंतीवर मजल्याचा आकडा दिसतो ७८. या यानाला वीसबावीस मजले. त्यातून पहिला मजला सगळ्यात वर, म्हणजे वर जाताना आकडे उतरायला हवेत, ते चढतात! यावरही स्पष्टीकरणं रचणारे लोक आहेत. त्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार.

आणि स्पष्टीकरण दिल्याने दरवेळी भलं होतंच असंही नाही. क्लिंगॉन नावाचे योद्धे जुन्या मालिकेत साध्या कपाळाचे होते. १९७९ च्या चित्रपटात त्यांच्या कपाळावर हाडांच्या वळ्या उगवल्या. खरं कारण रंगभूषेचं बजेट. १९९६ साली नंतरच्या एका मालिकेतल्या भागात हा प्रश्न थेट वॉर्फ या क्लिंगॉनलाच विचारला, तर तो पठ्ठ्या, बाहेरच्यांशी हे बोलायचं नाही, अशा थाटात विषय झटकून मोकळा झाला. तिथेच थांबायला हवं होतं. २००५ साली दोन भाग खर्चून विषाणूची कथा सांगितली. हिशेब जुळला आणि विनोद गेला.

आता अलीकडचं भांडण. 'डिस्कव्हरी' ही मालिका कथेनुसार कर्कच्या काळाच्या साधारण दहा वर्षं आधीची. २०१८ च्या फेब्रुवारीत तिच्या पहिल्या पर्वाच्या शेवटी एंटरप्राइझ समोर आली, आणि एकच गदारोळ झाला. इंजिनांचे दांडे मागे झुकलेले, अंगभर बारीक नक्षी, सगळं झगझगीत. म्हणजे वयाने जुनं यान दिसायला नवं. मी या गदारोळात सामील झालो नाही. १९६६ चं प्लायवूड आजच्या मोठ्या पडद्यावर प्लायवूडच दिसणार. बशी आहे, दांडे आहेत, इंजिनं वस्तीपासून लांब आहेत. जेफ्रीजनी जी कारणं दिली ती शाबूत आहेत. दांडा चार अंश झुकला म्हणून मी झोप उडवून घेत नाही.

माझी झोप उडवली ती खिडकीने. २००९ च्या चित्रपटात ब्रिजवरच्या पडद्याची खिडकी झाली, आरपार काच. नंतरच्या मालिकांतही ती आली. या बदलावर त्या चित्रपटातल्या यानाच्या लांबीवरून झाली तितकी बोंब झाली नाही, याचं मला नवल वाटतं. मघाचं ते वाक्य आठवा. पडदा असेल तर खुर्ची कुठेही वळलेली चालते. खिडकी असेल तर खोलीला नाकाकडेच पाहावं लागतं. एक काच बसवली आणि तिरकेवाल्यांचा खटलाच निकालात निघाला, कुणी युक्तिवादही न करता. शिवाय यानाच्या माथ्यावर, सगळ्यात उघड्या जागी, काचेमागे कॅप्टनला बसवायचं? दुरुस्तीला बाहेर जावं लागू नये म्हणून यान गुळगुळीत ठेवणाऱ्या वैमानिकाने ही काच पुसून टाकली असती, असं मला वाटतं.

अर्थात मी तिरकेवाल्यांच्या तटातला, तेव्हा माझी साक्ष थोडी बाजूला ठेवा.

ते ११ फुटी मॉडेल आज वॉशिंग्टनमध्ये, स्मिथसोनियनच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयात आहे. २०१६ साली त्याची डागडुजी झाली तेव्हा तिथल्या तज्ज्ञांपुढेही हाच पेच होता. कुठल्या एंटरप्राइझची डागडुजी करायची? त्यांनी जुने फोटो तपासून एक महिना नक्की केला, ऑगस्ट १९६७, आणि मॉडेल त्या महिन्यात होतं तसं केलं. घुमटामागचं नळकांडं आहे तिथेच आहे, अगदी मधल्या रेषेवर. मी मोजून पाहा म्हणत नाही. पण गेलात कधी, तर मोजूनच या.

नमस्कार.