घाटाच्या पायथ्याशी खोपोली

बोरघाट उतरून आलेला जुना मुंबई-पुणे रस्ता जिथे सपाटीला लागतो, तिथे खोपोली वसलेली आहे. रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातले हे शहर समुद्रसपाटीपासून शंभर मीटरही उंच नाही. त्याच्या माथ्यावरचे लोणावळे मात्र सहाशे मीटरांच्या वर आहे. घाटाच्या या उंचीनेच खोपोलीला आधी मुक्काम दिला, मग उद्योग दिले, आणि आज वाढीची मर्यादाही तीच आखून देते आहे.

देशावरून कोकणात उतरणारा माल पूर्वी बैलांच्या पाठीवरून येई. जनावरांना पाणी आणि माणसांना विसावा हवा, म्हणून पायथ्याला थांबणे भागच होते. नाना फडणवीसांनी येथे बांधलेला तलाव आणि त्याच्या काठचे महादेवाचे मंदिर या वर्दळीची साक्ष देतात. 1830 मध्ये घाटातून गाडीरस्ता खुला झाला. या घाटातली वाट इंग्रजांना शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली, अशी आख्यायिका आहे. घाटातल्या त्याच्या देवळापुढे वाहनचालक आजही वेग कमी करून नाणे टाकतात.

1856 मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत पोहोचली. दोनच वर्षांनी वर खंडाळा ते पुणे गाडी धावू लागली, पण मधला घाट मोकळाच होता. प्रवासी खोपोलीला उतरत, पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढत आणि वर दुसरी गाडी धरत. 1863 मध्ये पंचवीस बोगदे खोदून, दर सदतीस फुटांना एक फूट इतक्या तीव्र चढाने रेल्वे घाट चढली. मात्र ती पळसदरीहून वळून, खोपोलीला बगल देऊन गेली. त्या कामावर हजारो मजूर पटकीने आणि अपघातांनी दगावले, आणि त्यांतल्या बहुतेकांची नावेही कुठे नोंदलेली नाहीत. खोपोलीच्या वाट्याला आला तो शाखामार्गाचा शेवट. अशा वळणावर अनेक गावे मागे पडतात.

खोपोली मागे पडली नाही, याचे श्रेय पाण्याला द्यायला हवे. लोणावळ्याच्या परिसरातले पावसाचे पाणी स्वभावतः पूर्वेला, इंद्रायणी-भीमेच्या वाटेने बंगालच्या उपसागराकडे जाणारे. जमशेदजी टाटांच्या कल्पनेतून, त्यांच्या पश्चात उभ्या राहिलेल्या योजनेने ते वळवण, लोणावळा आणि शिरवटा या तलावांत अडवले आणि पोलादी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली, खोपोलीच्या वीजकेंद्रात सोडले. तिथे अरुंद तोंडातून सुटणारी पाण्याची धार चाकाच्या कडेला बसवलेल्या वाट्यांवर आदळते, चाक गरगर फिरते आणि त्याला जोडलेले जनित्र वीज निर्माण करते. 1915 पासून ही वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. धुराड्यांच्या त्या शहराला कोळशाविना शक्ती पुरवणारे ठिकाण म्हणून खोपोलीचे नाव महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात ठळकपणे यायला हवे, असे आम्हाला मनापासून वाटते.

चाक फिरवून झालेले पाणी पाताळगंगेत सोडले जाते. पावसाळा संपताच आटणाऱ्या कोकणातल्या नद्यांमध्ये ही नदी उन्हाळ्यातही वाहती राहते, ती मुख्यतः या सोडलेल्या पाण्यामुळे. वीज, पाणी, रस्ता आणि रेल्वे एका जागी मिळाल्यावर कागद, पोलाद आणि नळ्यांचे कारखाने येथे आले. कामगारांच्या वसाहती, बाजार आणि शाळा त्यांच्या मागोमाग आल्या. 2011 च्या जनगणनेपर्यंत शहराची वस्ती सत्तर हजारांच्या पुढे गेली होती. 2002 मध्ये पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गाने मुंबई आणि पुणे ही दोन्ही शहरे आणखी जवळ आणली, आणि जमिनीला भाव आला.

पण जमीन आहे किती? पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी आहे, मधून नदी वाहते, म्हणून शहर रस्त्यांच्या कडेने शिळफाट्याकडे लांबत गेले. जिथे सपाटी संपते तिथे बांधकामे उताराला भिडतात, आणि घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस याच उतारांवरून खाली येतो. 19 जुलै 2023 च्या रात्री याच तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि झोपेतली वाडी गाडली गेली. खोपोलीच्या पुढच्या विकास आराखड्यात म्हणूनच रस्त्यांच्या रुंदीआधी उतारांची पाहणी, मातीची जाडी आणि ओढ्यांच्या मोकळ्या वाटा यांचा विचार झाला पाहिजे.